पान त्रेचाळीसवरचा थोरला

सर,

तुमचं पुस्तक गेले तीन महिने माझ्या टेबलावर पालथं पडलंय. पालथं म्हणजे खरोखरच पालथं, स्कॅनरच्या काचेवर, आणि वर वजन म्हणून माझा जुना जाडजूड शब्दकोश. बांधणी इतकी आवळलेली आहे की पान सपाट होतच नाही. शिवणीकडची अक्षरं वाकतात आणि काळी पडतात, म्हणून एका हाताने कोश दाबून धरायचा आणि दुसऱ्या हाताने बटण. काचेखालून दिवा सरकत जातो, परत येतो, की एक पान झालं. अशी अठ्ठेचाळीस पानं. एवढं पुस्तक पूर्वी मी दोन दिवसांत हातावेगळं केलं असतं. आता दहा पानं झाली की मान धरते आणि डाव्या डोळ्यापुढे धूसर होतं. डॉक्टर म्हणतात मोतीबिंदू उतरतोय, अजून पिकायचाय. पिकेपर्यंत वाट बघायची आणि तोवर अक्षरं ओळखत बसायचं.

तुम्ही गेलात तेव्हा हे असलं काम आपल्याकडे कुणी करत नव्हतं, म्हणून सांगते. छापील पानाचा आधी फोटो निघतो. मग संगणक त्या फोटोतलं एकेक अक्षर ओळखतो आणि टाइप केल्यासारखा मजकूर समोर ठेवतो. तो मग खोडता येतो, बदलता येतो, नव्याने छापता येतो. लोकांना वाटतं, बटण दाबलं की झालं. निवृत्त झाल्यापासून मी घरी हीच कामं घेते. कुणाच्या संस्थेचे जुने अहवाल, कुणाच्या वडिलांची प्रवासवर्णनं. घरात मी एकटीच असते, त्यामुळे वेळेचा प्रश्न नसतो. इंग्रजी पान असलं तर यंत्र बऱ्यापैकी वाचतं. आपलं जुनं, शिशाचे खिळे जुळवून छापलेलं मराठी पुढे आलं की मात्र ते आंधळ्यासारखं चाचपडतं. रफार उडतात. ‘सर्व’चं ‘सव’ होतं. ‘खारट’चं ‘रवारट’. तुमच्या पुस्तकात खाडीला भरती येते, तिथे यंत्राने साडीला भरती आणली. ‘धान झोडपलं’चं ‘घाण झोडपलं’ केलं. पहिल्या दिवशी मला हसू आलं होतं. तुम्ही वर्गात हसायचात तसं, तोंडावर वही धरून. आता हसू येत नाही. ओळीमागून ओळ दुरुस्त करते आणि पाणी प्यायला उठते.

पुस्तक तुमच्या मुलीने आणून दिलं. ती विरारला राहते, औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. उभी राहण्याची ढब तुमची, एक खांदा किंचित खाली. प्लॅस्टिकच्या पिशवीत, तिच्या आत वर्तमानपत्रात गुंडाळून आणलं होतं. म्हणाली, “ताई, बाबांची ही एवढी एकच प्रत उरलीय. गावाला, गासच्या घरी बाबांच्या वह्या होत्या ना, त्या मागे घरात पाणी शिरलं तेव्हा सगळ्या गेल्या. आता गावातल्या पोरांना पुस्तक परत छापायचंय. मी म्हटलं, बाबांची विद्यार्थिनी आहे, तीच नीट करेल.” मग पहिलं पान उघडून बोट ठेवलं. “हे बघा ना, बाबांनी पेन्सिलीने काय केलंय. मला वाटलं चुका काढल्यात. पण बरोबर शब्द होते ते चुकीचे केलेत!”

मी चष्मा लावला. ‘पाणी’मधल्या ‘ण’वर बारीक काट, वर तुमच्या हस्ताक्षरात ‘न’. ‘कोण’ खोडून ‘कोन’. ‘आम्ही’ खोडून ‘आमी’. प्रत्येक ओळीत तीन-चार ठिकाणी. पानं उलटत गेले. पान अकराच्या मध्यापर्यंत तुम्ही असं केलं होतं. पुढे पेन्सिलीची एकही खूण नाही. वाक्य अर्ध्यात सोडून उठल्यासारखं. तुमची मुलगी माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, “बघते.” तिने चहा घेतला आणि ती गेली. त्यानंतर चार दिवस मी त्या पुस्तकाला हात लावला नाही.

सर, तुमच्या पुस्तकाची प्रुफं मी तपासली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. तुम्हाला कावीळ झाली होती. पुस्तक छापायला गेलेलं आणि तुम्ही अंथरुणात, डोळे हळदीसारखे. मला बोलावून घेतलंत. तुमच्या हाताखालून इतकी मुलं गेली, त्यांतून मला बोलावलंत, याचाच मला केवढा अभिमान. कॉलेजात मैत्रिणींना सांगत सुटले होते. गासच्या आसपासच्या भातशेतीतल्या आणि मिठागरातल्या अकरा माणसांनी आपापलं जगणं सांगितलेलं, आणि तुम्ही ते चार वर्षं फिरून त्यांच्या बोलीत लिहून घेतलेलं. शेवटच्या भागात तुमची आई होती. ती पुस्तक निघायच्या आधीच गेली होती. तुम्ही उशीवरून मान न उचलता मला म्हणालात, “अक्षरं बघ. खिळा उलटा बसलाय का, काना तुटलाय का, तेवढं. शब्दांकडे बघू नकोस.” मी हो म्हटलं.

छापखाना जुन्या वसईत, बाजाराच्या मागच्या गल्लीत. खाली यंत्र, माळ्यावर कागद. खिळे जुळवणारे काका दाराजवळच्या उजेडात उभे असायचे आणि मला बसायला एक स्टूल. शाईचा आणि रॉकेलचा वास. दुपारी दोन ते पाच मी तिथे बसायची. पहिली दोन-तीन पानं मी तुम्ही सांगितलंत तशीच तपासली. पण ‘पानी’, ‘कोन’, ‘आमी’ असं वाचताना मी दर शब्दाला अडायची. आमचं घर कोकणातून आलेलं, वडील मुंबईच्या कचेरीत. घरात कुणी ‘पानी’ म्हटलं की आई वाढता वाढता थांबायची, ‘पाणी’ म्हणवून घ्यायची आणि मगच वाढायची. मला वाटलं, लोक हसतील. मराठीच्या सरांची आई अशी बोलते म्हणतील. खरं सांगायचं तर मला तुमची लाज वाटत नव्हती, तुमच्या वतीने लाज वाटत होती. फरक आहे असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं.

मी लाल शाईने ‘पानी’चं ‘पाणी’ केलं. मग सगळीकडेच केलं. काका दुसऱ्या दिवशी प्रूफ हातात घेऊन म्हणाले, “पोरी, सरांच्या कागदावर पानीच आहे. सगळं बदलायचं म्हणजे पुन्हा जुळवायला लागेल. नक्की?”

“सरांनीच सांगितलंय,” मी म्हटलं.

दोन दिवसांनी त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. त्यांच्याकडे ‘ण’चे खिळे पुरेनात. एका पानात इतके ‘ण’ कुणाला लागतात? शेवटी त्यांनी दुसऱ्या छापखान्यातून रुमालात बांधून उसने आणले. तो रुमाल त्यांनी माझ्यासमोर सोडला आणि म्हणाले, “घे, तुझे ण.” मी हसले. मला वाटलं, केवढं मोठं काम चाललंय.

आणि एकदा हात सैल झाला की तो अक्षरावर थांबत नाही. दहाव्या पानावर मी फक्त ‘ण’ करत होते. तिसाव्या पानाला वाक्यांना हात घातला. जे कळलं नाही ते मला कळेल असं केलं. तुमच्या आईच्या भागाला आले तोवर मी निर्धास्त होते.

तुम्ही बरे झालात. पुस्तकं बांधून आली. एक प्रत घेऊन मी तुमच्या घरी आले. तुमच्या पत्नी माहेरी गेल्या होत्या, लेकीला घेऊन, आणि तुम्ही स्वयंपाकघरात सुकट भाजत होतात. मला तो वास सोसत नसे, पण मी दारात उभी राहिले, कधी एकदा तुम्ही पुस्तक बघता असं झालेलं. तुम्ही हात पंच्याला पुसलेत, पुस्तक घेतलंत आणि उभ्या उभ्या वाचायला लागलात. पहिल्यांदा पहिलं पान. मग मधलं. मग शेवटाकडचं, तुमच्या आईचं. ते पान तुम्ही फार वेळ धरलंत. तव्यावर सुकट करपायला लागली. मी पुढे होऊन गॅस बंद केला.

तुम्ही म्हणालात, “तू माझ्या आईला शाळेत घातलंस.”

आवाज चढवला नव्हता. मला आधी ते कौतुकच वाटलं. मग तुमचा चेहरा बघितला. तुम्ही पान माझ्याकडे वळवलंत आणि विचारलंत, “थोरला कुठे गेला गं?”

मला वाटलं, सर परीक्षा घेताहेत. मी म्हटलं, “कामाला गेला असेल ना? मुंबईला?”

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. नंतर तव्याकडे वळलात आणि करपलेली सुकट कडेला काढायला लागलात. बराच वेळ काढत होतात. मग म्हणालात, “बस. जेवून जा.” भात, सुकट आणि वालाचं बिरडं. मी मान खाली घालून जेवले. त्याबद्दल तुम्ही पुढे एक शब्द काढला नाहीत, तेव्हाही नाही आणि तुम्ही जाईपर्यंतच्या सतरा वर्षांतही नाही.

उलट वर्षभराने, मी नोकरी शोधत होते तेव्हा, मुंबईतल्या एका प्रकाशनाच्या कचेरीला तुम्ही माझ्यासाठी शिफारसपत्र लिहून दिलंत. ते बंद पाकीट मी वाटेतच उघडलं होतं. त्यात होतं, ‘हिच्या नजरेतून काही सुटत नाही.’ मी ते टोमणा म्हणून वाचायचा प्रयत्न केला. पण टोमणा मारणं तुमच्या स्वभावात नव्हतं. त्या एका ओळीवर मला मुद्रितशोधकाची नोकरी लागली आणि तीस वर्षं मी तेच केलं. लोकांच्या लिखाणातल्या वेलांट्या, उकार, ‘न’ आणि ‘ण’. किती हजार पानं झाली असतील कोण जाणे. एखाद्या लेखकाच्या आईचं, आजीचं बोलणं आलं की माझी पेन्सिल थांबायची. पण सरसकट थांबायची असंही नाही. वरून नियम होते. आणि नियम होते म्हणून मला बरंही वाटायचं.

चार दिवसांनी मी पुस्तक उघडलं आणि ठरवलं, हे परत नीट करायचं. सोपं वाटलं होतं. संगणकाला सांगितलं की तो सगळे ‘ण’ एका दमात ‘न’ करतो. पण तुमची प्रस्तावना तुमच्या भाषेत आहे, तुमचे दोन भागांमधले उतारे तुमच्या भाषेत आहेत, आणि बाकीच्या वाक्यांत मी आणखी काय काय बदललं ते मलाच आठवेना. पहिल्या अकरा पानांवर तुमच्या खुणा होत्या, पण यंत्राला त्या खुणाही अक्षरंच वाटत. ‘पाणी’वर तुमचा ‘न’ बसलेला, तर ते ‘पाणनी’ असं काहीतरी लिहायचं. बाराव्या पानापासून तर काहीच आधार नाही. मी तुमच्या मुलीला फोन केला. म्हटलं, त्या अकरा जणांतलं कुणी आहे का अजून? ती म्हणाली, “एकच आहे. गासला. तेव्हा नवी नवरी होती, आता सत्तरीच्या पुढे.”

रिक्षाने गेले. रस्त्याच्या एका अंगाला भाताची खाचरं आहेत अजून, दुसऱ्या अंगाला इमारतींचे पाये खणलेले. बाई ओटीवर वाल सोलत बसल्या होत्या. मी ओळख सांगितली, तुमचं नाव सांगितलं. त्यांनी पदराने डोळे पुसले, पण ते वयानेही असेल. म्हणाल्या, “सरांची पोर हायस तू?”

“नाही मावशी. विद्यार्थिनी.”

“येकच ते. बस.”

मी कागद काढून त्यांचाच भाग वाचायला लागले. ‘आम्ही पहाटे उठून मिठागरावर जात असू.’ त्यांनी सोलता सोलता हात थांबवला.

“जात असू? कोन जात असू?”

“तुम्ही, मावशी. हे तुम्हीच सांगितलेलं आहे.”

“मी? मी बोललीच नाय असा. आमी जावाचो. ही कोन बाई? ही मी नाय.”

मला तिथे सांगता आलं असतं. मी म्हटलं, “छापताना चुकलंय. तुम्ही सांगा, मी नीट करते.” मग त्या सांगायला लागल्या आणि मी लिहायला. त्यांचा भाग झाला, मग मी बाकीच्यांचे वाचून दाखवले. त्या सगळ्या माणसांना त्या ओळखत होत्या. हा असा बोलायचा, ती बोलताना मधेच थांबायची, याच्या तोंडात शिवी असायचीच, ती कुठं गेली? (ती मी काढली होती.) चार गुरुवार मी जात राहिले. दर वेळी त्या वालाची एक पुडी बांधून देत. घरी येऊन मी संगणकावर दुरुस्त्या करायची आणि प्रत्येक दुरुस्तीखाली लाल नागमोडी रेघ उमटायची, शब्द चुकला म्हणून. ती रेघ दिसणार नाही अशी सोयही आहे, पण मी ती केली नाही. डोळ्यांना त्रास व्हायचा तर होऊ दे म्हटलं.

चौथ्या गुरुवारी तुमच्या आईचा भाग वाचायला घेतला. पान त्रेचाळीस. मी वाचलं, ‘उधाणाच्या भरतीच्या दिवशी बांधाच्या कामात खंड पडला. आम्ही बाया पाठ फिरवून बसलो. त्या वेळी माझा थोरला निघून गेला.’

मावशी म्हणाल्या, “परत वाच.”

मी परत वाचलं.

“खंड काय? खांड, बाय. खांड गेली.”

“खांड म्हणजे?”

त्यांनी सुपातले वाल बाजूला सारले आणि ओटीच्या मातीवर बोटाने एक रेघ ओढली, मग मधेच ती पुसून टाकली. “ह्यो बांद. उदानाची भरती आली का बांद मधीच फुटतो. ती खांड. पानी आत घुसला का सगला मीठ गेला, शेता गेली, घरा गेली. मग बाया खांडीत बसायच्या. पाठी लावून, येकीला येक चिकटून, पान्याकडं पाठ. पुरुष मानसा चिखल नि पेंढा आनीस्तवर उठाचा नाय.”

“तुम्ही बघितलं होतं?”

“मी कुठली? माझी सासू व्हती त्यात. सरांची आय तिच्या बाजूला. आजून दोगी. दुपारची भरती. थोरला पोरगा नव-धा वर्साचा. पेंढा आनाला धावला तो वरून घसरला, खाडीच्या अंगाला. पान्यानं त्याला खांडीवर आनला. आयच्या पाठीला लागला नि तसाच मागं गेला.” त्यांनी मातीवरच्या पुसलेल्या जागेवर हात ठेवला. “सासू सांगाची, तिला कललं. पाठीला कललं कोन हाय ते.”

मी विचारलं, “मग?”

“मग काय. उठली नाय ती.”

ओटीवर कोंबडी आली होती, तिला त्यांनी हाकललं नाही. म्हणाल्या, “उठली असती तं बाकीच्या तिघी गेल्या असत्या. मागं गाव व्हता. सर तवा एवढासा, बांदावर उभा. त्यानं बघितला सगला. तिथनं जाताना आमच्यात कोन बोलत नसे. मीठ बंद झाला तरी नसे.” मग माझ्या हातातल्या कागदाकडे बोट करून म्हणाल्या, “नि ह्यात काय लिवलंय? पाठ फिरवून बसली? ती?”

त्या दिवशी त्यांनी बांधलेली पुडी मी ओटीवरच विसरले.

सर, मला आता सगळं आठवतं. तुमच्या कागदावर शाईने लिहिलेलं होतं, ‘बांदाला खांड गेली. आमी बाया पाठी लावून बसलो. थोरला गेला.’ एवढंच. तीन वाक्यं. ती तुमच्या आईने तुम्हाला सांगितली असतील आणि तुम्ही समोर बसून लिहून घेतली असतील, दोघांपैकी कुणीही आणखी काही न बोलता. मी स्टुलावर बसून विचार केला होता की ‘खांड गेली’ हे काही मराठी नाही, ‘खंड पडला’ असणार. ‘पाठी लावून’ म्हणजे काय, ‘पाठ फिरवून’ असणार. आणि ‘थोरला गेला’ हे अर्धवट वाटतं, वाचणाऱ्याला वाटेल मेलाबिला. म्हणून मी ‘निघून’ घातलं. तो शब्द सर्वस्वी माझा. आणि तुम्ही त्या स्वयंपाकघरात मला विचारलंत, थोरला कुठे गेला गं, आणि मी म्हटलं, मुंबईला.

पान अकराला तुम्ही का थांबलात ते मी बरेच दिवस शोधत होते. आजार, कंटाळा, शाळेची कामं. आता वाटतं, बारा, तेरा करत करत त्रेचाळीसपर्यंत यावं लागलं असतं.

घरी येऊन मी ते पान उघडलं. यंत्राने हे पान अगदी अचूक वाचलं होतं. एकही अक्षर चुकलेलं नाही, एकही लाल रेघ नाही. मी ‘खंड’ला काना दिला. ‘पडला’ काढून ‘गेली’ लिहिलं, ‘बांधाच्या कामात’चं ‘बांदाला’ केलं, ‘पाठ फिरवून’चं ‘पाठी लावून’. ‘निघून’ वर जाऊन बटण दाबलं, गेला. सगळं मिळून मिनिटही लागलं नाही. मग मी खुर्चीत तशीच बसून राहिले. समोरच्या गच्चीत कुणीतरी चादरी वाळत घालत होतं. त्या आठवड्यात मी आणखी काही केलं नाही.

तुमच्या मुलीला सांगायला हवं होतं. एकदा बोलता बोलता ती म्हणाली होती, “बाबांचे एक मोठे भाऊ होते ना, लहानपणीच घर सोडून गेलेले.” मी विचारलं होतं, हे तुला बाबांनी सांगितलं? तर म्हणाली, “बाबा काही बोलायचे नाहीत. पुस्तकातच आहे की.” तेव्हा मला त्यात काही वेगळं वाटलं नव्हतं.

परवा ती आली. मी जुनं पान आणि नवं पान शेजारी शेजारी ठेवून तिला दाखवलं आणि मावशींनी सांगितलं ते जसंच्या तसं सांगितलं. ती ऐकत होती. चहावर साय धरली. कप बाजूला सारून म्हणाली, “म्हणजे काका कुठेच नव्हते.”

मी मान हलवली.

“मी शोधलं होतं, ताई. कॉलेजात असताना. मोबाइल आला तेव्हापासून तर आमचं आडनाव टाकून टाकून बघायची. एका माणसाला पत्रही लिहिलं होतं, नाशिककडच्या. वय जुळत होतं. त्याने कळवलं, तो मी नव्हे.” ती हसली, पण नीट हसली नाही. “आणि आजी... तिच्याबद्दल मी काय काय विचार केला होता. पोरगा घर सोडून जातो आणि ही पाठ फिरवून बसते.”

मग तिने दोन्ही पानं हातात घेतली आणि मला विचारलं, “पण हे कोणी केलं, ताई? बाबांनी? त्यांना लाज वाटली असेल का?”

“नाही,” मी म्हटलं. पटकन म्हटलं. “बाबांनी नाही. बाबा तर खोडत होते, तू बघितलंस ना पेन्सिलीने.”

“मग कोणी?”

सर, एवढी वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होते असं मला वाटायचं. कुणीतरी विचारावं आणि मी सांगून मोकळं व्हावं. तिने विचारलं, अगदी सरळ विचारलं, माझ्याच घरात, माझ्यासमोर बसून.

मी म्हटलं, “प्रेसमध्ये झालं.”

ती म्हणाली, “हो, त्या प्रेसवाल्यांना काय कळणार,” आणि तिने पानं घडी न घालता, जपून, पिशवीत ठेवली. खिळे जुळवणाऱ्या काकांनी मला दोनदा विचारलं होतं, हे तिला माहीत असायचं काही कारण नाही. जाताना दारात ती माझ्या पाया पडली. मी तिला पडू दिलं.

फाइल सोमवारी छपाईला जाते. मावशींना पहिली प्रत मी स्वतः नेऊन देणार आहे, वाचून दाखवायला. हे पत्र मी त्याच संगणकावर लिहिलंय, पण ते पुस्तकाच्या फाइलींत ठेवणार नाही आणि छापणारही नाही. कुठे पाठवायचं हा प्रश्नच नाही. मी तुमच्या मुलीशी खोटं बोललेले नाही, सर. ते प्रेसमध्येच झालं. फक्त कोणी केलं ते तिने विचारलं होतं, आणि मी कुठे झालं ते सांगितलं.